गयेत सोडलेला फोन

काशी-गयेला गेलेल्या माणसानं तिथं एक आवडती वस्तू सोडून यायची, अशी आमच्याकडे रीत आहे. एखादी भाजी, एखादं फळ, जे जिवापाड आवडतं ते. एकदा सोडलं की मरेपर्यंत तोंडात घालायचं नाही. रीत कडक आहे म्हणून माणसं हुशार झालीत. तेलंगणातल्या आमच्या तलमडुगूच्या बाजूनं जी बस गयेला गेली, तिच्यातल्या निम्म्या लोकांनी फणस सोडला. आमच्या आदिलाबादकडे फणस खाल्लेला माणूस दिवा घेऊन शोधावा लागतो. उरलेल्यांनी कारलं सोडलं. बस नेणारा देवानंद दरवर्षी जातो आणि दरवर्षी कारलंच सोडतो. पितरांनाही आता ते पाठ झालं असेल.

आमच्या ह्यांनी काय सोडलं ते सांगायचं, तर आधी त्यांचं कपाळ सांगावं लागेल.

आमचे हे म्हणजे सुधाकरराव. विहिरीवर आमचा भाजीचा मळा आहे. वांगी, टमाटे, मिरच्या काढायच्या आणि आदिलाबादच्या बाजारात नेऊन बसायचं, हा आमचा धंदा. एकुलती एक रूपाली लग्न होऊन बेल्लमपल्लीला गेली. जावई सुरेंद्र तिथं कोळशाच्या खाणीत आहे. घर रिकामं झालं म्हणून जावयानं सासऱ्याला मोठा फोन घेऊन दिला, आणि त्या दिवसापासून ह्यांची मान खाली गेली आणि मी कपाळाशी संसार करू लागले. चहा ठेवावा, समोर कपाळ. भाकर वाढावी, समोर कपाळ. मिरचीची पानं आकसून राहिलीत म्हणून सांगावं, तर कपाळ म्हणणार, ‘हं.’ एकदा मुद्दाम म्हटलं, ‘‘अवो, घर जळून राह्यलं.’’

‘‘हं. ठेव तिथं,’’ कपाळ म्हणालं.

मी गप्प बसणारी बाई नाही. आदळआपट केली, भांडून पाहिलं, शेवटी अबोला धरला. पण अबोला धरलाय हे त्यांना कळेचना, ते मलाच सांगावं लागलं. त्या फोनमध्ये एक माणूस रोज ट्रॅक्टरनं विहिरीतून म्हैस काढायचा, आणि रोज ह्यांचा जीव तिच्यात अडकायचा. आपल्या विहिरीची मोटर बंद पडली हे मात्र त्यांना शेजाऱ्यानं येऊन सांगितलं.

आता फोनला शिव्या देते, तर खरं तेही सांगायला हवं. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की तोच फोन माझ्या हातात यायचा. पलीकडून रूपाली आणि तिच्या मांडीवर बुज्जी. नातीचं नाव शर्वाणी ठेवलंय, चांगलं पत्रिका पाहून, पण तिथल्या कॉलनीत सगळे तेलुगूत बुज्जी म्हणतात आणि पोरगी त्यालाच ओ देते. तिचा पहिला दात मी फोनवर पाहिला. पहिलं पाऊल फोनवर पाहिलं. रूपाली रोज ओरडायची, ‘‘आई, फोन नीट धर वं! तुहं नुसतं कपाळ आन् वरचा पंखाच दिसून राह्यला.’’ मी म्हणायची, बरं. पण मी फोन कसा धरलाय हे पाहायला मला सवड कुठं होती? मी बुज्जीला पाहत असे.

बारशाला गेलो होतो, त्यानंतर बेल्लमपल्लीला पाऊल टाकलं नव्हतं. बेल्लमपल्ली काही लंका नाही. सकाळी आदिलाबादहून बस धरली की आसिफाबादवरून जेवायला माणूस पोचतो. त्यात आता बायकांना बस फुकट, आधार कार्ड दाखवलं की झालं. पण रोज दिसते, मग जायचं कशाला? हे मी ह्यांना म्हणायची आणि हे मला म्हणायचे, आणि दोघांचंही समाधान व्हायचं.

बुज्जी बोलायला लागली होती. आई म्हणायची, बाबा म्हणायची, पाण्याला तेलुगूतून नीळ्ळू म्हणायची. ‘आजी’ तेवढं यायचं राहिलं होतं. रूपाली म्हणाली होती, आज-उद्या म्हणतेच पाहा. तो एक शब्द ऐकायचा, एवढीच हाव मला उरली होती. गयेला निघाले तेव्हा मनात तेच होतं. वाटेत रेंजचा भरवसा नाही, परत येईपर्यंत पोरीनं कळ काढावी.

गयेत वडाखाली बसलो. माझ्या सासऱ्यांचे पिंड द्यायचे होते. सासरे मोठे तापट, पण माणूस सोन्याचा. मुलगी झाली म्हणून घरातल्यांनी तोंडं वाकडी केली, तेव्हा त्यांनी एकट्यानं गावात पेढे वाटले होते. त्यांचं नीट व्हावं, एवढी माझी इच्छा होती. विधी जोडीनं करायचा, म्हणून पंड्यानं ह्यांच्या उपरण्याला माझ्या पदराची गाठ मारली. ह्यांच्या हाताखाली माझा हात, वरून पाणी, खाली पिंड. सगळं यथास्थित चाललेलं, आणि ह्यांच्या मांडीवरच्या फोनमधून ढोलकी सुरू झाली. कुणीतरी बाई नाचत होती. सासऱ्यांच्या पिंडासमोर.

पंडा थांबला नाही. त्या बिचाऱ्यानं काय काय पाहिलं असेल! त्यानं विचारलं, ‘‘जजमान, क्या छोड़ते हो?’’

‘‘फणस,’’ कपाळ म्हणालं. वर पाहिलंसुद्धा नाही.

‘‘प्रिय वस्तु, जजमान.’’

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, ‘‘महाराज, इनकू मोबाइल सबसे प्रिय है. मोबाइल छुड़ा दो.’’

पंड्यानं एकवार माझ्याकडे पाहिलं, एकवार ढोलकीकडे पाहिलं आणि संकल्पात मोबाईल घालून टाकला. संस्कृतात तो कसा बसला कोण जाणे, पण बसला. ‘‘जल छोड़ो,’’ म्हणाला. ह्यांचं लक्ष म्हशीत होतं की बाईत, देव जाणे. सवयीनं त्यांनी हात वाकडा केला. पाणी पडलं. मग त्यांनी विचारलं, ‘‘काय सोडलं?’’

सांगितल्यावर त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी मला त्यांचे डोळे दिसले. जरा पिवळे झालेत, डॉक्टरला दाखवायला हवेत, असं मनात आलं.

परतीच्या बसमध्ये मी मोठ्या मिजाशीत बसले होते. बायका कौतुक करत होत्या. तेवढ्यात पुढच्या सीटवरची रुक्माबाई वळली. रुक्माबाई म्हणजे आमच्या गावचं रीतिरिवाजांचं हायकोर्ट. चारदा गया केलेली म्हातारी, तिच्या निकालावर अपील नाही.

‘‘कौशल्या, गाठ बांधेल व्हती ना वं?’’

‘‘व्हती.’’

‘‘तुहा हात त्याच्या हाताखाली व्हता?’’

‘‘व्हता. काऊन?’’

‘‘मंग पाणी दोघायच्या हातून सुटलं. मोबाईल दोघायचा सुटला.’’

मी हसले. मग हसू थांबलं. मी म्हटलं, ‘‘मावशी, मी त ह्यायच्यासाठी बोलली.’’

‘‘तोंड तुहं, हात दोघायचा,’’ रुक्माबाई म्हणाली. ‘‘आता मोडलं त पिंड वापस येतात. तुह्या सासऱ्याचं काय करायचं ते तू पाह्य.’’

बस अजून मध्य प्रदेशातच होती आणि माझं काळीज बेल्लमपल्लीला जाऊन बसलं. मी धीर धरून विचारलं, ‘‘दुसऱ्याच्या फोनवर बोललं त?’’

‘‘वांगं सोडलं त दुसऱ्याच्या घरचं खाता येते का?’’

‘‘नुसतं पाह्यलं त? बोलायचं नाई.’’

‘‘मोबाईल पाह्यला म्हंजे खाल्लाच.’’

देवानंदला माझी दया आली. त्यानं आपल्या फोनवरून रूपालीला कळवलं. पलीकडून ती इतक्या जोरात ओरडली की फोनला कान न लावताही मला ऐकू आलं, आणि हे नियमात बसतं की नाही हे मी रुक्माबाईला विचारलं नाही. ‘‘सांगा तिले,’’ रूपाली म्हणत होती, ‘‘बुज्जी विसरून जाईन म्हणा तुले!’’

घरी आल्यावर फोन बंद करून रेशन कार्डाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. आमच्या ह्यांची दशा पाहवत नव्हती. जेवताना डावा हात मांडीवर असायचा आणि अंगठा खालून वर, खालून वर चालत राहायचा. तिथं धोतराचा रंग उडेल, अशी मला भीती वाटली. चहाच्या हॉटेलात जाऊन ते लोकांच्या खांद्यावरून डोकावायला लागले, तर लोक रुक्माबाईचं नाव घेऊन फोन उलटे करायचे. माणूस भिंतीकडे पाहत बसायचा. भिंत काही बदलत नव्हती.

मग एका सकाळी ते अंगणात उभं राहून म्हणाले, ‘‘अवं, इथला लिंब कुठीसा गेला?’’

‘‘तोडला.’’

‘‘कधी?’’

‘‘रूपालीच्या लग्नाच्या पुढच्या साली. तुमीच त माणूस बोलावला व्हता.’’

ते कडुलिंबाच्या त्या मोकळ्या जागेखाली जाऊन उभे राहिले. आणि त्या दिवसापासून त्यांना तोंड फुटलं. इतक्या वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर आलं. मिरची अशी का निवडते, चुलीत लाकूड असं का सारते, शेजारणीच्या म्हशीचं पोट एका बाजूला का. मी विहिरीवर गेले की मागे विहिरीवर, चुलीशी बसले की चुलीशी. मी बोलणारं माणूस मागितलं होतं, देवानं आकाशवाणी दिली. पण खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मला ते गोड लागलं. कुणीतरी माझ्या कामाला नावं ठेवायला पुन्हा माझ्याकडे पाहत होतं.

दिवाबत्तीची वेळ मात्र खायला उठायची. दिवा लावला की हात आपोआप फोनकडे जायचा आणि डब्याशी थांबायचा. आता बुज्जी दूध पीत असेल. आता ‘आजी’ म्हणाली असेल आणि मी तिथं नसेन. पोरांचं काय, दिसलं नाही की विसरतात. सासऱ्यांच्या फोटोकडे पाहून मी एकदा स्पष्ट म्हटलं, ‘‘मामंजी, तुमच्यासाठी करून राह्यली हं. ध्यानात ठेवा.’’ आणि रडले. ह्यांनी ते पाहिलं. पूर्वी पाहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी वांगी तोडताना ते म्हणाले, ‘‘बेल्लमपल्ली किती दूर हाय वं?’’

‘‘सकाळी निघालं त जेवाले पोचते माणूस.’’

‘‘मंग आपण गेलो काऊन नाई?’’

‘‘फोनवर दिसत व्हती ना.’’

त्यांनी हातातलं वांगं टोपलीत ठेवलं. ‘‘उद्या जाऊ,’’ म्हणाले. ‘‘बुज्जीले पाहाले सोडलं नाई आपण. मोबाईल सोडला.’’

ही गोष्ट ना मला सुचली होती, ना रुक्माबाईला. ज्या माणसाला मी इतकी वर्षं दगड म्हटलं, त्याला सुचली. मला त्यांचा अभिमान वाटला आणि थोडा रागही आला.

ज्वारीचं पीठ, वांगी, अंबाडीच्या जुड्या आणि गंगेची बाटली घेऊन आम्ही निघालो. आगाऊ कळवायची सोय नव्हती. बसमध्ये मला कंडक्टरनं फुकटाचं तिकीट दिलं आणि ह्यांना पैसे मागितले, त्यावर आसिफाबादपर्यंत त्यांना बोलायला विषय मिळाला. मी खिडकीतून कापूस पाहत होते आणि मनात एकच. ओळखेल ना?

रूपालीनं दार उघडलं आणि आधी घाबरलीच. न सांगता आईबाप दारात आले म्हणजे कुणीतरी गेलं, असाच आताचा हिशोब. ‘‘कोण मेलं?’’ तिनं विचारलं. कुणी नाही म्हटल्यावर गळ्यात पडली. आणि तिच्या मागे, गाऊन धरून, बुज्जी उभी होती. फोनमध्ये तळहाताएवढी दिसायची, ती चांगली गुडघ्याच्या वर आलेली.

मी पिशव्या टाकल्या आणि हात पसरले. ‘‘ये वं माय माही.’’

बुज्जीनं माझ्याकडे पाहिलं आणि जी किंकाळी फोडली, ती खाणीच्या भोंग्यासारखी सगळ्या क्वार्टरांत ऐकू गेली. शेजारची तेलुगू बाई धावत आली. मी जवळ जावं तर पोरगी काळीनिळी. पदरातली खडीसाखर दाखवली, तिनं फेकून दिली. आजोबांना तर तिनं दारातूनच हाकललं. ते बाहेर पायरीवर जाऊन बसले.

‘‘नवीन माणूस पाह्यलं की रडते ते,’’ रूपाली म्हणाली.

नवीन माणूस! मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले आणि मोरीशी उभी राहून रडून घेतलं. पिंड वापस आले असते तरी चाललं असतं, असंही मनात आलं. मामंजींनी माफ करावं.

संध्याकाळ झाली. रूपालीनं दिवा लावला. तशी बुज्जी खेळणं टाकून उठली, टीव्हीशेजारच्या फळीखाली गेली आणि वर बोट दाखवायला लागली. फळीवर रूपालीचा फोन होता. बंद, काळा.

‘‘आजी,’’ बुज्जी म्हणाली. स्पष्ट. ‘‘आजी. आजी.’’

मी चार हात अंतरावर बसले होते. माझ्याकडे तिची पाठ होती.

रूपालीचं तोंड उतरलं. ‘‘रोज म्हणते, आई. दिवा लावला का म्हणते. तुमी गयेले गेल्यापासून. मले सांगायची हिंमत नाई झाली.’’ मग हळूच म्हणाली, ‘‘तिचा काय दोष? तिले तुहं सारं तोंड कुठं माईत हाय? कपाळ आन् पंखा, एवढीच आजी तिची.’’

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते दारात उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता टोमणा मारायची त्यांची पाळी होती, आणि मारला असता तर मी निमूट ऐकून घेतला असता. त्यांनी मारला नाही. आत येऊन त्यांनी पंख्याचं बटण दाबलं. मग पलंगाकडे बोट केलं.

‘‘त्याच्या मांगं बस,’’ म्हणाले. ‘‘खाली. नुसतं कपाळ वर ठेव.’’

पलंगामागे भिंतीशी वीतभर जागा होती. या वयात, या गुडघ्यांनी, मी तिथं शिरले. डोळे मिटले आणि पलंगाच्या कडेवर कपाळ तेवढं वर काढलं. वर पंखा फिरत होता. मला काही दिसत नव्हतं. रूपालीचा श्वास ऐकू येत होता, बाहेर कुणाचीतरी गाडी वळत होती.

मग पावलं वाजली. पलंगाच्या पलीकडे थांबली.

‘‘आजी?’’

‘‘ओ,’’ मी पलंगामागून म्हटलं.

गादी दबली. ती वर चढली, रांगत आली, आणि एक ओलं बोट माझ्या कुंकवावर टेकलं. ‘‘आजी,’’ ती पुन्हा म्हणाली, ह्या वेळी विचारलं नाही. मी हळूच वर सरकले. भुवया झाल्या, डोळे झाले, तिनं चालवून घेतले. नाक बाहेर आलं तेव्हा ती जरा मागे सरली. तोंड दिसल्यावर रडली. आजीला तोंड असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी पुन्हा खाली गेले.

त्या संध्याकाळी नाकापर्यंतच जमलं. दुसऱ्या दिवशी जेवणाआधी हनुवटी मंजूर झाली. खाणीतून आलेल्या जावयाला सासू पलंगामागे बसलेली दिसली, तर तो काही न विचारता आंघोळीला गेला, फार शहाणा मुलगा. पूर्ण आजी तिसऱ्या दिवशी झाली. बुज्जी माझ्या मांडीवर बसून माझे दात मोजत होती, आणि हे समोर बसून ते पाहत होते. मी त्यांना म्हटलं, ‘‘तुमाले इतकी वर्षं मी कपाळ म्हणली.’’

‘‘हं,’’ ते म्हणाले. पण डोळे वर होते.

निघायच्या दिवशी रूपाली बुज्जीला घेऊन बसस्टँडवर आली. बस सुटायला आली, तशी ती खिडकीशी येऊन सवयीनं म्हणाली, ‘‘पोचल्यावर फोन...’’ आणि थांबली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. ‘‘बाबा, तुमी पोचले हे मले कसं समजंन?’’

आमच्या ह्यांनी खिडकीतून हात काढून बुज्जीच्या डोक्यावर ठेवला.

‘‘नाई समजलं त ये पाहाले,’’ ते म्हणाले.

त्याच महिन्यात, दसऱ्याचीही वाट न पाहता, ती बुज्जीला घेऊन आली.